चारच्या चहाला साईटवर जा

बाळा,

काल तुझा फोन आला, बुटीबोरीच्या त्या दाल मिलच्या डीडीचं, म्हणजे विकत घेण्याआधीच्या तपासणीचं (ड्यू डिलिजन्स), काम तुला एकट्याला मिळालं म्हणून. (आमच्या घरी डीडी म्हटलं की अजून डिमांड ड्राफ्टच समजतात, असो.) बरं वाटलं, पण तू जे म्हणाला ना, "सर, पार्टीनं फाईल एकदम टकाटक लावून दिलीये", तिथंच पाल चुकचुकली. अरे विकणारा फाईल लावतो ती त्याला दाखवायचंय तेवढं दाखवायला. ती ठेव बाजूला आणि प्रत्येक कागद जिथून निघतो तिथून स्वतः काढ.

कंपनी असेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या, साईटवर चार्ज, म्हणजे मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा, बघ, कर्ज फिटलेलं असतं पण चार्ज तसाच उघडा, बंद करायचा फॉर्मच कुणी भरलेला नसतो. भागीदारी फर्म असेल तर तिथं काही सापडणार नाही, मग सरसाई, म्हणजे तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, बघ. ईकोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेसच्या साईटवर, मालकाच्या नावाचं स्पेलिंग चार तऱ्हेनं टाकून बघ. आणि प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो लीजवर असतो, साधारण 95 वर्षांच्या, ट्रान्सफरला त्यांची परवानगी लागते अन् पैसेही लागतात, ते कोण भरणार हे आत्ताच लिहून घे, नंतर दोघंही आभाळाकडे बघतात.

शेअर घेतले तर जुनी देणी कंपनीसोबत येतातच, पण लोकांना वाटतं नुसता धंदा उचलला की सुटलो. काहून सुटशील? जीएसटीचं कलम 85 वाच, धंदा हातात आला त्या दिवसापर्यंतची बाकी घेणाऱ्याकडूनही वसूल होते, रक्कम मागाहून ठरली तरी.

आता माझी फजिती ऐक. तुझ्याएवढा होतो, कळमन्याकडच्या एका मिलची फाईल दोन रात्री बसून वाचली. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, 17 माणसं, 20 च्या आत म्हणजे पीएफ लागू नाही, म्हणून तो विषय मी एका ओळीत संपवला. साईटवर गेलो तेव्हा चारचा चहा आला, पोरगा ग्लासांचा स्टँड घेऊन दोनदोन खेपा करून गेला, त्यातलाच एक ग्लास मीपण प्यायलो आणि मोजलं नाही बाप्पा. माणसं होती तीसच्या वर, बाकीची सगळी ठेकेदाराच्या वहीत, आणि ठेकेदाराची माणसंही धरावी लागतात. वर्षभरात पीएफची नोटीस आली ती नव्या मालकाच्या नावानं. तो माझ्यासमोर बसून एकच विचारत होता, "वकीलसाहेब, तुम्ही तर गेले होते ना तिकडे?"

तर बुधवारी जाशील तेव्हा सकाळी नको जाऊ, चारच्या सुमारास जा, न सांगता. आणि येताना बर्डीवर ऑफिसात ये, चार्जचं प्रिंटआउट घेऊन, सोबत बघू.

तुझा,
सर