त्या दिवशी ते विमान कसं दिसत होतं?

छंदघर : छोट्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न, कोल्हापुरातून उत्तरं

काका, १/४८ मापाचं (मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं) स्पिटफायर मार्क आठ या ब्रिटिश लढाऊ विमानाचं किट घेतलंय. डब्यावर 'ब्रह्मदेश, १९४४' असं छापलंय आणि डिकॅलमधली (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांमधली) राउंडेलं, म्हणजे देशाची गोल चिन्हं, निळी-पांढरी आहेत. मित्र म्हणतो, तिकडे दोन निळ्या रंगांची होती, आणि पंखांवर, शेपटीवर पांढरे पट्टेही पाहिजेत. कुणाचं खरं धरू?
– सं. पा., मंगळवार पेठ

तुझ्या मित्राचं निम्मं बरोबर आहे आणि डबेवाल्याचं त्याहून कमी.

जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. ऊन डोळ्यावर, हातात तोफ, आणि वरून जाणाऱ्या विमानाच्या राउंडेलात मधोमध लाल ठिपका दिसला की आपलीच माणसं आपल्याच विमानावर गोळ्या झाडायची. अमेरिकेने याच भीतीपोटी मे १९४२ मध्ये आपल्या चांदणीतला लाल ठिपका काढून टाकला. ब्रिटिशांनी भारत-ब्रह्मदेशात आधी लालवर पांढरा फासला. पण पांढरा लांबून डोळ्यात भरतो, म्हणून १९४३ च्या मध्यापासून गडद निळ्याच्या आत फिकट निळा आला आणि राउंडेलही लहान झालं. हा फिकट निळा म्हणजे त्याच निळ्यात पांढरा मिसळून केलेला, वेगळी बाटली आणायला नको.

आता तारखा जुळव. मार्क आठ या आघाडीवर आलं ते १९४३ सरताना, १९४४ लागताना. तेव्हा दोन निळ्यांची पद्धत सुरू होऊन काही महिने झाले होते. मग डब्यात निळं-पांढरं कुठून आलं? माझा संशय ऑस्ट्रेलियावर आहे. त्यांच्या हवाई दलाकडेही मार्क आठ होती आणि त्यांनी निळं-पांढरं राउंडेलच वापरलं. डिकॅलच्या कागदावर सिरियल नंबर बघ. 'ए५८' ने सुरू होत असेल तर ते विमान ऑस्ट्रेलियाचं. ब्रह्मदेश फक्त डब्यावर. पांढरे पट्टे १९४५ च्या सुरुवातीचे, म्हणजे १९४४ चं विमान करत असशील तर मित्राचं तेवढं ऐकू नको.

मापाचं सांगतो, कारण तिथेच जास्त चुका होतात. या भागातली छोटी राउंडेलं सर्रास १६ इंचांची. १/४८ मध्ये ती साडेआठ मिलिमीटर होतात, १/७२ मध्ये ५.६. सिरियल नंबरची अक्षरं ८ इंच उंच, म्हणजे तुझ्या मॉडेलवर ४.२ मिलिमीटर. उद्यमनगरात आम्ही पॅटर्न करताना ओतकाम आकसणार म्हणून माप वाढवून धरतो. इथे तसलं काही नाही, सरळ भागाकार. डिकॅलवर व्हर्नियर लाव आणि बघ. बारा मिलिमीटरचं राउंडेल निघालं तर ते कापून फेक आणि कंपास कटरने मास्क (रंग अडवणारा चिकट कागद) कापून रंगव.

आणखी एक. कारखान्यातून विमान मोठं, लाल ठिपक्याचं राउंडेल घेऊन यायचं. इथे ते रंगाने बुजवून मधे छोटं काढायचे. बुजवलेला रंग नवा, भोवतीचा उन्हाने विटलेला, म्हणून छोट्या राउंडेलाभोवती गडद ठिगळ अनेक फोटोंत दिसतं. ते ठिगळ रंगवलंस तर मॉडेल बघणारा माणूस जवळ येऊन बघेल.

१९४५ चं करायची तयारी असेल तर १५२ स्क्वाड्रन घे. निजामाच्या देणगीमुळे नावात 'हैदराबाद', विमानाच्या अंगावर स्क्वाड्रनची ओळख-अक्षरं म्हणजे कोड 'यूएम', पांढरे पट्टे आहेतच, आणि राउंडेलावरून झेप घेणारा काळा चित्ता. पण आधी त्याच विमानाचा फोटो शोध. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आग्नेय आशियातल्या हवाई दलाचे फोटो 'सीआय' या अक्षरांखाली लावलेत आणि घरबसल्या बघता येतात. फोटो डाव्या बाजूचा असेल तर उजवी बाजू त्यावरून आरशासारखी उलटवू नको. कोडची अक्षरं राउंडेलाच्या कुठल्या बाजूला यायची याचा दोन्हीकडे एकच नियम नव्हता.

आमच्या शाळेत वळीवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर प्रदर्शन आहे. मुलांनी पोलिश वैमानिकांचं स्पिटफायर केलंय. किटमधल्या लाल-पांढऱ्या चौकटीत वर डावीकडे पांढरा चौकोन आहे, जुन्या चित्रात लाल दिसतो. कोणतं ठेवू?
– एक शिक्षिका, गांधीनगर

बाई, लाल ठेवा. पोलंडच्या विमानांवरची ही चौकट युद्धकाळात वर डावीकडे लाल अशी होती. १९९३ मध्ये क्रम उलटला आणि पांढरा पुढे आला. किटवाल्याने आजची चौकट छापलीय. नवं डिकॅल मागवत बसू नका. चौकोन पाव फेरा फिरवून लावा, लाल आपोआप वर डावीकडे येतो आणि किनारीचे रंगही जुळतात. मुलांना हे आधी कागदावर करायला लावा, त्यांना मजा येईल.

मुलांनी कोणत्या स्क्वाड्रनचं केलंय ते तुम्ही लिहिलं नाही. ३०३ असेल, म्हणजे कोश्चुश्को स्क्वाड्रन, तर कोड 'आरएफ'. यान झुंबाख या वैमानिकाचं 'आरएफ-डी' मुलांना आवडेल, कारण त्याच्या कॉकपिटजवळ डोनाल्ड डक काढलेला होता. फक्त जपून. त्याच्याकडे 'आरएफ-डी' अक्षरांची एकाहून जास्त विमानं होऊन गेली. बीएम १४४ आणि ईएन ९५१ ही त्यातली दोन. एकाचं बदक आणि दुसऱ्याचा नंबर अशी खिचडी बाजारातल्या डिकॅलमध्ये होऊ शकते. अक्षरांवर विश्वास टाकू नका, सिरियल नंबरावर टाका.

ही १९४२ ची विमानं, म्हणून वर हिरवा आणि करडा, खाली फिकट करडा. वर हिरवा-मातकट हा जुना रंग ऑगस्ट १९४१ पर्यंतचा. पुढे कधी मुलांनी ३०३ चं १९४० मधलं हरिकेन (स्पिटफायरच्या जोडीचं ब्रिटिश लढाऊ विमान) केलं तर मातकट वापरा, आणि शेपटीकडचा फिकट पट्टा लावू नका. तो नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आला, ब्रिटनवरची लढाई संपल्यावर.

छावणी १९४३ ते १९४८ होती आणि तिथे सुमारे पाच हजार माणसं राहिली, बहुतेक बायका-मुलं. मॉडेलखालच्या पाटीवर विमानाचं वर्ष ठळक लिहा, नाहीतर बघणाऱ्यांना वाटेल स्पिटफायर वळीवड्यातच उतरलं होतं. कोल्हापुरात अशी दंतकथा तयार व्हायला एक रविवार पुरतो.

डार्क ग्रीनची नेमकी शेड कोणत्या कंपनीची?
– रा. मो., इचलकरंजी

कुठलीही चांगली घ्या. अमेरिकन एफएस नंबर (तिथल्या सरकारी रंगयादीतले क्रमांक) देऊन ब्रिटिश रंग 'अगदी हाच' म्हणून सांगतात, त्याला अंदाजे म्हणून धरा. ती मोजपट्टी वेगळ्या देशाची आणि युद्धानंतरची आहे. मूळ रंगही वेगवेगळ्या कारखान्यांतून यायचा आणि उन्हात विटायचा. १/७२ ला थोडा पांढरा मिसळून फिकट करा, छोट्या वस्तूवर मूळ रंग काळवंडलेला दिसतो. आणि जुलैत, पंचगंगा पात्राबाहेर असताना, लॅकर मारू नका. दमट हवेत ते पांढरट पडतं.

आजोबा वायुदलात फिटर होते. एका फोटोत ते विमानाला टेकून उभे आहेत, मागे '१९४४' लिहिलंय. राउंडेलची सगळ्यात बाहेरची कड काळी, मग राखाडी, मग बारीक पांढरी, मधे काळं. असलं राउंडेल पुस्तकात सापडत नाही. हे विमान कोणतं? मला त्याचंच मॉडेल करायचंय.
– वि. दे., कागल

ती कड काळी नाही, पिवळी आहे.

त्या काळच्या बऱ्याच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना लाल दिसतच नाही म्हटलं तरी चालेल आणि पिवळाही नीट दिसत नाही, दोन्ही काळे उतरतात. निळा मात्र उजळ येतो. तुमची वर्तुळं बाहेरून आत पुन्हा वाचा : पिवळं, निळं, पांढरं, लाल. हे ब्रिटिश राउंडेल नेहमीचंच आहे. पांढरं आणि पिवळं वर्तुळ बारीक असेल तर ते १९४२ च्या मध्यानंतरचं. चारही पट्टे सारख्या रुंदीचे असते तर त्याआधीचं.

पण मधे लाल असेल तर '१९४४' खटकतं. वरच्या पहिल्या उत्तरात सांगितलंय की १९४३ च्या मध्यापासून भारतात लाल नको झालेला होता. विलायतेहून नुकतं आलेलं, अजून न रंगवलेलं विमान असू शकतं. पण जास्त शक्यता ही की फोटो १९४२-४३ चा आहे आणि मागची तारीख नंतर कुणीतरी आठवून घातली. शाई आणि हस्ताक्षर कुणाचं आहे ते घरातल्या थोरांना विचारा.

विमान ओळखायला राउंडेल सोडून त्याभोवतीचा पत्रा बघा. आजोबांच्या पाठीमागे, कॉकपिटच्या मागच्या अंगावर आडव्या, उठून आलेल्या रेघा दिसतात का? दिसत असतील तर ते हरिकेन. त्याचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता, आणि पट्ट्या कापडातून उठून दिसत. स्पिटफायर गुळगुळीत. पंखाची पुढची कड फोटोत असेल तर नळ्या मोजा. दोन्ही पंखांत दोन-दोन लांब नळ्या पुढे आलेल्या म्हणजे २० मिलिमीटरच्या चार तोफा, मार्क दोन-सी. नळ्या नाहीत, नुसती भोकं आहेत, तर बारा मशीनगनचं दोन-बी असू शकतं. नाकाखाली मोठी हनुवटी दिसली तर तो धुळीचा फिल्टर, उष्ण देशांसाठी बसवलेला. तो तुमच्या किटमध्ये आहे का ते विकत घेण्याआधी बघा, प्रत्येक डब्यात नसतो.

सिरियल नंबरातली दोन अक्षरं जरी वाचता आली तरी काम निम्मं होतं. आजोबांच्या नोकरीच्या कागदांत स्क्वाड्रनचा नंबर मिळेल. स्क्वाड्रनांच्या रोजच्या नोंदी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'एआयआर २७' या मालिकेत आहेत, आणि त्यातल्या फॉर्म ५४१ वर कोणत्या दिवशी कोणतं विमान कोण घेऊन गेलं ते नंबरासकट लिहिलेलं असतं. दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात हरिकेन उभं आहे. ते आकारासाठी बघा, चाकाच्या खोबणीचे फोटो काढा, पण रंगासाठी नको. संग्रहालयातली विमानं पुन्हापुन्हा रंगवली जातात.

मला फोटो पाठवाल तर मोबाईलवर रंगीत करून पाठवू नका. ते ॲप पिवळ्या कडेला अंदाजाने काळं ठरवणार आणि आपण परत तिथेच. फ्रेममधून काढून सपाट स्कॅन करा, ६०० डीपीआय किंवा वर, आणि मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही दिसू दे.