नको असलेल्या ईमेलना नियम कसा लावावा?

प्रश्न : कर्ज आणि लॉटरीचे ईमेल पाठवणारे पत्ते मी जीमेलमध्ये एकेक करून ब्लॉक करते, तरी नव्या पत्त्यांवरून ते येतच राहतात. काय करावे?

उत्तर : असे पाठवणारे पत्ते सतत बदलतात, मजकूर मात्र फारसा बदलत नाही, म्हणून संगणकावर जीमेल उघडून, शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हाने उघडणाऱ्या चौकटीत, त्या मजकुरात वारंवार येणारा पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहून फिल्टर, म्हणजे येणाऱ्या ईमेलना आपोआप लागू होणारा नियम, तयार करावा. नुसता ‘कर्ज’ हा शब्द कृपया घालू नका, कारण तुमच्या बँकेचे खरे पत्रही त्यात अडकेल. सुरुवातीला थेट हटवण्याऐवजी इनबॉक्स वगळून त्यांना लेबल, म्हणजे वेगळे ओळखण्यासाठीचे नाव, लावणेच मला सुरक्षित वाटते, कारण कचरापेटीतील ईमेल ३० दिवसांनी कायमचे नष्ट होतात. बँकेच्या पत्त्यासाठी मात्र, ईमेल कधीही स्पॅममध्ये जाऊ नये, असा स्वतंत्र नियम अवश्य करावा.