रिपोर्टमधलं सिलिकॉन आणि आपला पाणंद रस्ता

प्रश्न : दादा, माझं माजलगावला ठिबकचं दुकान हाय. गाडी २०१८ ची डिझेल एसयूव्ही, वॉरंटी कवाच संपली. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर होतात आणि त्यातला निम्मा रस्ता शेतावरचाच. आधी दर १० हजाराला ऑइल बदलायचो, यावेळी फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० टाकलं आणि १६ हजारापर्यंत न्यायचं ठरवलं, पण उगं अंदाजानं नको म्हणून त्याच ऑइलचे ९ हजाराला एक आणि १६ हजाराला एक असे दोन नमुने लॅबला पाठवले. ९ हजाराला लोखंड २१ पीपीएम (दहा लाखात एवढे भाग), सिलिकॉन ९, ॲल्युमिनियम ४ होतं. आता लोखंड ६४, सिलिकॉन ३१, ॲल्युमिनियम १५, तांबं ८, शिसं ३ आलंय. १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, १३.४, टीबीएन ४.६, नव्या ऑइलच्या डेटाशीटवर तो १०.१ हाय. काजळी ०.८ टक्के, पाणी नाही, कूलंट नाही. खाली 'लक्ष ठेवा' असा शिक्का मारलाय. मिस्त्री म्हणायलाय ऑइल काळंकुट्ट झालंय, फेकून द्या. भाचा म्हणायलाय व्हिस्कॉसिटी, टीबीएन सगळं लई चांगलं हाय, २० हजार काढा. कुणाचं ऐकू? मधी साडेनऊ हजाराला पंक्चरवाल्याकडं एअर फिल्टरला हवा मारून घेतली होती, बाकी इंजिनला कुणाचा हात लागला नाही.

उत्तर : भाऊ, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या पत्रात कामाचं तेच आहे.

आधी रंगाचं बघू. डिझेलचं ऑइल काळं होणारच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, उलट हजार-दोन हजारानंतरही लखलखीत राहिलं असतं तर मलाच शंका आली असती. ०.८ टक्के काजळी काहीच नाही. व्हिस्कॉसिटीचं म्हणाल तर ४० ग्रेडचं (५डब्ल्यू-४० मधला शेवटचा ४० तो हाच) ऑइल १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ च्या मधे असावं लागतं, तुमचं १३.४ आहे, म्हणजे ग्रेडमधेच. टीबीएन म्हणजे जळणातून तयार होणारं ॲसिड मारायची जी ताकद ऑइलमधे शिल्लक आहे ती. ती निम्म्याच्या थोडी खाली आलीय, म्हणजे बदलायचं मनावर घ्या, पण बोंब मारण्यासारखं काही नाही. मधे टॉप-अप किती केला ते तुम्ही लिहिलं नाही. लिटरभर ओतलं असेल तर त्या नव्या ऑइलनं टीबीएन वर उचललेला असतो आणि रिपोर्ट खऱ्यापेक्षा बरा दिसतो, हे भाच्याला सांगा.

तर ऑइल अजून थकलेलं नाही, इथपर्यंत भाचा बरोबर. आता लोखंड बघा. ६४ हा आकडा नुसता धरून बसू नका, किलोमीटर वाढले की तो वाढणारच. दर हजाराला किती हे काढा. पहिल्या ९ हजारात २१, म्हणजे हजाराला सव्वादोनच्या थोडं वर. पुढच्या ७ हजारात ४३ ची भर, म्हणजे हजाराला सहाच्या वर! झीज अडीच पटीनं वाढली. सगळा हिशोब १६ हजारावर काढला असता तर हजाराला ४ आलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता ठीक आहे, जुनी गाडी आहे, चालायचंच. दोन नमुने घेतले म्हणून चोर सापडला, हे काम तुम्ही झकास केलं.

झीज वाढली त्याच काळात सिलिकॉन ९ वरून ३१ झालं आणि बरोबरीनं ॲल्युमिनियमही वर गेलं. थोडं सिलिकॉन नव्या ऑइलमधेच असतं, फेस होऊ नये म्हणून टाकलेलं. इंजिन उघडून सीलंट लावून बसवलं तरी ते वाढतं, पण तेव्हा बहुतेक एकटंच वाढतं आणि पुढच्या एक-दोन बदलात उतरतं. तुमचं इंजिन उघडलंच नाही. दोन्ही जोडीनं वाढले की पहिला संशय मातीवर घ्यायचा, कारण मातीत दोन्ही असतात आणि आपली काळी माती तर बेसाल्टची. धुळीतले वाळूचे कण लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, बिडापेक्षा कडक असतात (हे बीड म्हणजे ओतीव लोखंड, तुमचा जिल्हा नव्हे), पिस्टन रिंगच्या जागी ते पॉलिश पेपरसारखं काम करतात, म्हणून लोखंड वाढतं. बेअरिंग झिजलं की तांबं-शिसं वाढतं, ते दोन्ही जागेवर आहे, म्हणजे बेअरिंगला अजून झळ लागलेली दिसत नाही.

धूळ शिरली कुठून? माझा संशय त्या हवा मारण्यावर. एअर फिल्टरचा कागद म्हणजे गोधडी नाही झटकून वापरायला. कंप्रेसरची हवा जवळून मारली की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, आणि घाण बाजूनं मारली तर माती अजून आत. वर गंमत अशी की थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, आपण त्याला चकाचक करायला जातो आणि तोच फाडून ठेवतो. दुसरी शक्यता, परत बसवताना रबरी कड खाचेत नीट बसली नाही किंवा डब्याची एक क्लिप तशीच राहिली.

आज संध्याकाळी एवढं करा, इंजिन बंद आणि थंड असताना डबा उघडा, फिल्टर काढा आणि स्वच्छ पांढरा ओला रुमाल बोटाला गुंडाळून डब्याच्या आतल्या बाजूनं, म्हणजे फिल्टरनंतर टर्बोकडं जाणाऱ्या पाइपात फिरवा. रुमालावर तांबूस-काळा पट्टा आला की विषय संपला. मग फिल्टर नवा, रबरी कड आणि चारही क्लिपा बघायच्या, पाइपाला चीर गेलीय का तेही दाबून बघायचं. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं जी धूळ तुम्ही खाता ती सगळी इथूनच आत जाते.

आणि ऑइल आताच काढून टाका, ते थकलं म्हणून नाही, त्यात वाळू आहे म्हणून. एवढे बारीक कण ऑइल फिल्टरमधून बऱ्यापैकी आरपार जातात आणि फिरत राहतात. जुना ऑइल फिल्टर टाकून न देता कापून त्याच्या घड्या उलगडून बघा, कारण लॅबचं मशीन अगदी बारीक कणच मोजतं, मोठी कपची असेल तर ती रिपोर्टमधे येतच नाही, घडीत चमकताना दिसते. नव्या डब्यातलं १०० मिली ऑइल एकदा लॅबला पाठवा म्हणजे सिलिकॉन आणि टीबीएन मुळात किती ते तुमच्याच हातात राहील, डेटाशीटवर अवलंबून कशाला राहायचं. पुढचा नमुना ४ हजाराला घ्या. लोखंड हजाराला दोन-अडीचवर आलं आणि सिलिकॉन खाली आलं तर ऑइल बिनधास्त १२ हजाराला न्या, मग पुढं १४. २० हजाराचं भाच्याला त्याच्या गाडीवर करू द्या.

प्रश्न : मी नांदेडला नर्स आहे, बीएस-६ डिझेल गाडी, घर ते हॉस्पिटल ४ किलोमीटर. सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आहे, वर्षभर चालेल असं ऐकलं होतं. सहा महिन्यांत ५ हजार झाले. ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर चढलंय! रिपोर्टमधे लोखंड फक्त १८, पण व्हिस्कॉसिटी १२ वरून ८.८ झालीय. लोखंड कमी म्हणजे इंजिन चांगलं ना?

उत्तर : ताई, ऑइल वाढलं नाही, त्यात डिझेल मिसळलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आलं आणि डिझेल गाड्यांना काजळी पकडणारा डीपीएफ आला. तो भरला की आतली काजळी जाळायला बऱ्याच गाड्या सिलिंडरमधे उशिरा जादा डिझेल सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमधे उतरतं. ही जाळणी पूर्ण व्हायला इंजिन गरम राहून गाडी सलग चालावी लागते. तुमची ४ किलोमीटरवर बंद, परत सुरू, परत बंद, दरवेळी अर्धवट आणि दरवेळी थोडं डिझेल खाली.

३० ग्रेडला १०० डिग्रीवर निदान ९.३ लागतं, तुमचं ८.८ आहे, म्हणजे डब्यावर काहीही लिहिलेलं असो, आत आता २० ग्रेडचं पातळ ऑइल फिरतंय. लोखंड १८ बघून खूश होऊ नका, ५ हजारात ते काही कमी नाही. ऑइल-फिल्टर या आठवड्यातच बदला आणि तोवर गाडी ताणू नका. नंतर आठवड्यातून एकदा लातूर नाहीतर हिंगोलीच्या रस्त्याला अर्धा तास सलग न्या. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला आणि गरम वास आला तर जाळणी चालू होती असं समजा, त्यावेळी शक्य असेल तर लगेच परत सुरू करून एक चक्कर मारून या. तुमच्या वापराला लांब इंटरव्हल नाहीच, ५ हजार किंवा सहा महिने, आणि खुणेच्या वर गेलं की त्याआधीसुद्धा.

प्रश्न : नमुना पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दिला तर चालतो का? – उदगीर

उत्तर : नाही. आत थेंबभर पाणी राहिलं तरी रिपोर्टमधे पाणी येतं आणि मग कूलंट ऑइलमधे शिरतंय असं समजून तुम्ही हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) उघडत बसता. लॅबचीच बाटली मागवा. गाडी चांगली गरम करा, ड्रेन बोल्ट आणि त्याच्या भोवतीची माती आधी पुसा, नाहीतर तेच सिलिकॉन बाटलीत जातं. पहिली धार सोडा, मधली घ्या, तळाची घेऊ नका, ऑइल पोळतं म्हणून हातमोजे घाला. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर, ऑइलचे किलोमीटर, ग्रेड आणि टॉप-अप किती केला ते लिहा. ऑइलचे किलोमीटर लिहायला लोक हमखास विसरतात.