खासगी मालकाकडून जुनी एमजी टीसी घेताना इंजिन कसे पारखावे?

प्रश्न : नागपुरातल्या एका गृहस्थांकडे १९४८ सालची एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मध्ये दलाल नाही, ते स्वतःच विकत आहेत. इंजिन चालू होते. घेण्यापूर्वी इंजिनाची तपासणी कशी करावी?

उत्तर : इंजिनाचे सांगतोच, पण इंजिनाचे दुखणे पैसे खर्चून बरे होते, कागदांचे होत नाही. ‘मध्ये दलाल नाही’ हे आपण जमेची बाजू म्हणून लिहिले आहे, ते वाचून मला हे उत्तर लिहावेसे वाटले.

२०१३ साली मी धरमपेठेतल्या एका घरातून अशीच टीसी विकत घेतली. विकणारे गृहस्थ निवृत्त, सुसंस्कृत आणि माझ्या थोरल्या भावाचे शाळेपासूनचे स्नेही. गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मी आरसी बुक मागितले, तेव्हा ते म्हणाले, “कपाटात आहे, काढून ठेवतो.” दादाने मला फाटकापाशी नेऊन सांगितले, “अरे, घरच्या माणसाकडे कागद मागतोस? त्यांना काय वाटेल?” मी गप्प बसलो. इसार दिला, आठवड्याने उरलेली रक्कम दिली, मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या घेतल्या आणि गाडी रामदासपेठेत आमच्या घरी आणली. आरसी बुक त्यानंतर हाती आले. त्यावर मालक म्हणून त्यांच्या वडिलांचे नाव होते, आणि वडिलांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

म्हणजे ज्यांच्या सह्या मी घेतल्या होत्या, ते कागदोपत्री गाडीचे मालकच नव्हते. आरटीओने फाईल परत केली, आणि ते योग्यच होते. मूळ मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून गाडी एका वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यानंतरच तो वारस ती दुसऱ्याला विकू शकतो. त्या घरात तीन भावंडे होती. पुण्याच्या भावाने ना-हरकत पत्र टपालाने पाठवले. रायपूरच्या बहिणीने नकार दिला. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबा मला त्या गाडीतून शाळेत सोडायचे. ती विकली हे मला तुमच्याकडून कळावं?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही.

चौदा महिने गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी राहिली. त्या काळात मी दारांच्या खांबांचे लाकूड बदलून घेतले, कारण तशीच उभी राहिली असती तर ती आणखी सैल झाली असती. शेवटी बाई नागपूरला आल्या, डावीकडच्या आसनावर थोडा वेळ बसल्या आणि गाडी घरातच राहावी असे म्हणाल्या. मी गाडी परत केली. पैसे तीन हप्त्यांत परत मिळाले. सुतारकामाचे मी मागितले नाहीत.

दादा अजूनही म्हणतो की मी फाईल आरटीओत नेली म्हणून सारे बिघडले, गुपचूप चालवली असती तर कुणाला कळले नसते. मला हे मुळीच मान्य नाही. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकाची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. ते नाव मृत व्यक्तीचे असताना वर्धा रोडवर माझ्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर विमा कंपनीपुढे मी कोणत्या नात्याने उभा राहिलो असतो? शिवाय, ज्या स्नेहाला जपण्यासाठी मला कागद मागू दिला नाही, तो स्नेहही टिकला नाही. ते गृहस्थ दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडे सोने द्यायला येत असत. २०१४ पासून ते आलेले नाहीत. पहिल्याच भेटीत आरसी बुक उघडले असते तर वारसांचा प्रश्न त्यांच्या घरातच सुटला असता किंवा व्यवहार तिथेच थांबला असता, आणि दोन्ही घरांचे येणे-जाणे चालू राहिले असते. कागद मागण्यात अविश्वास नसतो, हे मी दादाला अकरा वर्षांपासून सांगत आलो आहे.

म्हणून आपण आधी आरसीवरचे नाव वाचा. ते वडिलांचे किंवा आजोबांचे असेल तर वारसनोंद विकणाऱ्यांनीच करून घ्यावी आणि इसार त्यानंतरच द्यावा. मग चॅसी क्रमांक ताडून पाहा. टीसीत तो चॅसीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीच्या, पुढच्या डाव्या टोकावर ठोकलेला असतो. या मालिकेची सुरुवात ०२५१ पासून झाली, कारण इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता. याहून लहान क्रमांक दिसला तर संशय घ्यावा. १९४५ ते १९४९ या काळात या गाड्या दहा हजारांच्या आसपासच बनल्या, त्यामुळे अस्सल क्रमांकाला किंमत आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली असून तिच्यात जुना क्रमांक कायम ठेवता येतो, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

त्यानंतर लाकूड पाहा. या गाडीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो, आणि आपल्याकडचा कोरडा मे महिना व त्यामागून येणारा पावसाळा त्याचे सांधे उघडतात. वाळवीचे भय वेगळेच. दारे मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. दार अर्धे उघडून टोकाशी धरून वर उचला. त्याबरोबर खांब हलला तर आतले लाकूड गेले आहे, वरचा रंग कितीही चकचकीत असो.

आता इंजिन. १२५० सीसीचे एक्सपीएजी इंजिन थंड असताना ऑइलचा दाब नेहमीच चांगला दाखवते, म्हणून ते आपण पोहोचण्यापूर्वी सुरू करू नये असे मालकांना आधीच सांगा. दुपारच्या उन्हात अर्धा तास चालवून वेगात असताना दाबाचा काटा ४० पौंडांच्या (प्रति चौरस इंच) खाली येतो का, ते पाहा. ऑइलमध्ये दुधट साय दिसली तर इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे सिलिंडर हेडला, तडा असण्याची शक्यता धरा. बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची असतात. न जाणणारा मिस्त्री दुसरे बोल्ट कोंबून आटे खराब करतो, तेव्हा वेगवेगळ्या जातीचे बोल्ट दिसले तर भाव कमी करून मागा. रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या नसतील तर त्या घेतल्याबरोबर बदलाव्यात.

खासगी मालकाकडून घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. आरसी विकणाऱ्याच्याच नावावर असेल तर वारसांविषयी लिहिलेले सारे आपण सोडून द्यावे. आणि गाडी टीसी नसून तिच्यानंतरचे मॉडेल टीडी निघाली तर दहा हजारांचा आकडा तिला लागू नाही. इंजिन तेच १२५० सीसीचे असते, सांगाडाही लाकडाचाच असतो.