रात्रीत वाळेल तेच घे

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल जांभळी नाक्यावर तुझी आई भेटली. एका हातात भाजीच्या पिशव्या, दुसऱ्या हातात छत्री, अशा अवस्थेत तिने मला तुझा अख्खा दौरा ऐकवला. सप्टेंबरअखेर जैसलमेर, तिथून दिल्लीमार्गे लेह, मग एकदम खाली कोची आणि मुन्नार. तेवीस दिवस. आणि तुझ्या पलंगावर म्हणे आत्ताच ढीग लागलाय: दोन जाड स्वेटर, आजीची शाल, तीन जीन्स, रेनकोट असून वर छत्री, चपलाबुटांचे चार जोड. घरातलं कुणीतरी ‘असू दे, लागेल’ म्हणतं आणि आणखी एक वस्तू ढिगावर जाते. तू मात्र एकच सॅक नेणार म्हणून हटून बसली आहेस. मी तुझ्या बाजूने आहे, पण हट्टाने सॅक हलकी होत नाही, म्हणून हे पत्र.

बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात मी एकोणीस वर्षं काढली, तुला माहीतच आहे. महिन्यातले पंधरा-वीस दिवस परगावी. पहिल्या मोठ्या दौऱ्याला, १९८७ च्या डिसेंबरात, मला सिमल्याला पाठवलं. मी फायबरची सूटकेस आणि होल्डॉल घेऊन निघाले. होल्डॉल तू पाहिला नसशील. गादी, उशी, चादर सगळं आत गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचं, म्हणजे इस्त्रीवाल्याच्या बोचक्याचा मोठा भाऊ. काल्का स्टेशनला मोठी गाडी सोडून सिमल्याच्या छोट्या गाडीत बसावं लागतं. आमची गाडी उशिरा पोचली, हमाल मिळेना, आणि मी ते दोन डाग ओढत असताना छोटी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. सिमल्यात शाखेत हीटर होता. नेलेल्या दोन कोटांपैकी एकाची मी घडीसुद्धा मोडली नाही. तिथूनच पुढचं काम मद्रासचं निघालं आणि मी जानेवारीत मद्रासच्या रस्त्यावर लोकरी कोट हातावर टाकून रिक्षा शोधत होते. रिक्षावाला जो हसला, तो अजून आठवतो.

घरी आल्यावर एका पाठकोऱ्या कागदावर मी तीन रकाने आखले: रोज लागलं, एकदा लागलं, लागलंच नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला. पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक दौऱ्यानंतर मी हे करत गेले आणि सूटकेसची पिशवी झाली.

आता तुझ्या आईचा प्रश्न: हवामानं तीन, तर एका सॅकमध्ये मावणार कसं? अगं, हवामानं तीन असली तरी अंग एकच आहे. लेहला जे सगळे कपडे एकदम अंगावर असतील, त्यातलेच दोन कोचीला असतील. प्रत्येक गावाचा वेगळा गठ्ठा बांधायला घेतलास की संपलं.

मग कपडे किती? इथे सगळे दिवस मोजायला लागतात. दिवस मोजू नकोस, कपडा धुतल्यावर किती वेळात वाळतो ते मोज. रात्रीत वाळत असेल, तर एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकमध्ये, असे तीन पुरतात. मग दौरा तेवीस दिवसांचा असो की तीन महिन्यांचा. वाळायला दोन दिवस लागत असतील तर कितीही नेलेस तरी गाव सोडायच्या सकाळी ओलाच कपडा सॅकमध्ये कोंबावा लागेल.

आणि या बाबतीत तू भाग्यवान आहेस, कारण तू ठाण्याची आहेस. ऑगस्टात आपल्या घरांतून कपडे वाळत नाहीत, मुरतात. पंख्याखाली दोरी, खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल, आणि तिसऱ्या दिवशी त्या ओलसर कुबट वासाचा बनियन. तोच वास कामाला लाव. आज रात्री ढिगातला एकेक कपडा बेसिनमध्ये धू, पीळ आणि घरातच पंखा न लावता टांग. सकाळी सात वाजता हात लावून बघ. कोरडा असेल तो दौऱ्यावर जाईल. ओला असेल तो कितीही आवडता असो, कपाटात जाईल. ठाण्याच्या पावसाळ्यात जो रात्रीत वाळला, तो कोचीलाही वाळेल. जैसलमेर आणि लेहला तर हवेत दमटपणाच नसतो, तिथे दोन-तीन तासांचं काम. लेहची थंडी बघून घाबरू नकोस, उन्हात टांगलेस तर कपडे छान वाळतात. फक्त रात्री बाहेर विसरू नकोस, सकाळी कडक पापड होतील.

तुझ्या तीनही जीन्स या परीक्षेत नापास होणार, हे आधीच सांगते. एकेकीचं वजन अर्ध्या किलोच्या पुढे, आणि कमरेची पट्टी नि खिशाची टोकं तर दुसऱ्या संध्याकाळीही ओली. त्याऐवजी पातळ सिंथेटिक कापडाच्या दोन ट्रेकिंग पँट घे, गडद रंगाच्या. पॉलिस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही पाणी शोषत नाही, म्हणून तो लवकर वाळतो. आणि त्याच कारणाने घामाचा वास मात्र पटकन धरतो. मेरिनो लोकर उलटी. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी अंगाला गार लागत नाही, दोन-तीन दिवस घातली तरी वास येत नाही. महाग आहे. पण एक पातळ पूर्ण बाह्यांचा मेरिनो टी-शर्ट आणि एक जोडी मोजे यांवर खर्च कर, बाकी कशावर केला नाहीस तरी चालेल. सुतीवर माझा राग नाही, तिच्या जाडीवर आहे. जैसलमेरच्या कोरड्या उन्हात मलमलीसारखा पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता हवाच. घाम त्यात मुरतो, हळूहळू उडतो आणि अंग गार ठेवतो. लेहला हाच गुण उलटतो. चढ चढून घामाने भिजलेला सुती बनियन थांबल्याबरोबर बर्फासारखा पाठीला चिकटतो. हे मी अनुभवलंय, शेकोटीपाशी बसूनही हुडहुडी जाईना.

टॉवेल घेऊच नकोस. पंचा घे. हजार रुपयांचे मायक्रोफायबरचे टॉवेल दुकानात दिसतील, पण आपल्या आजोबांचा पंचा तेच काम करतो, रात्रीत वाळतो, आणि वाळवण्याची सगळ्यात मोठी युक्तीही त्याच्यातच आहे. धुतलेला कपडा पिळून झाला की कोरड्या पंच्यावर पसर, दोघांची मिळून वळकटी कर आणि वर गुडघा ठेवून दाब. अर्धं पाणी पंच्यात येतं, मग पंचा पिळायचा. शिवाय तो जैसलमेरला डोक्याला, गाडीत उशीला, देवळात खांद्यावर. गाडगेबाबांच्या डोक्यावरचं गाडगं आठव: डोक्यावर असलं की टोपी, हातात घेतलं की ताट. सॅकमधल्या प्रत्येक वस्तूला विचार, तू एकच काम करणार की दोन?

आता थंडी. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या उंचीनेच वीस-बावीस अंश गेले. ऑक्टोबरात दुपारी ऊन अंगावर छान लागेल आणि रात्री पारा शून्याशी. याला एक जाड स्वेटर हे उत्तर नव्हे. ऊब लोकरीत नसते, कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून दोन पातळ थर एका जाड थराला भारी पडतात, आणि दुपारी त्यातला एक काढता येतो. तुझे थर असे: अंगालगत तो मेरिनो टी-शर्ट, वर पातळ फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ सिंथेटिक जाकीट, त्यावर पिसांचं जाकीट, आणि सगळ्यात वर विंडचीटर. जाकीट तीन-चारशे ग्रॅमचं असतं, दाबलं तर पाण्याच्या बाटलीएवढं होतं. भिजलं की मात्र त्याचा लगदा होतो, म्हणून कोचीला पोचल्यावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, तळाशी. विंडचीटर चांगला, पाणी न झिरपणारा घे. लेहला तो वारा अडवेल आणि केरळात पाऊस. तू तिथे पोचशील तेव्हा परतीच्या पावसाचे दिवस असतील. दुपारपर्यंत ऊन आणि मग ढगांचा गडगडाट. छत्रीची गरज नाही. आजीची शाल राहू दे, आजीला मी समजावते. कानटोपी, हातमोजे आणि एक थर्मल पायजमा एवढं सॅकमध्ये ठेवलंस की थंडी संपली. त्याहून जास्त गारठलीस तर लेहच्या बाजारात जाड जाकिटं, बूट भाड्याने मिळतात.

आणि हो, लेहला विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस धावपळ नको. तिथल्या हवेत एका श्वासाला आपल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. गेस्ट हाउसचा जिना चढताना तुला सॅकमधल्या प्रत्येक ‘असू दे’चं वजन कळेल. उंचीवर होणाऱ्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचार, माझं ऐकू नकोस.

बूट एक जोड, तोही पायात. सॅकमध्ये फक्त फ्लोटर्स. चामड्याचे बूट केरळात नेलेस तर चार दिवसांत बुरशी धरतील. कापडी बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि दोन तासांनी बदल, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

आम्ही हे सगळं साडीत केलं, हे तुला गमतीचं वाटेल. तीन नायलॉनच्या साड्या, साडेपाच मीटरची एकेक, पण घडी वहीएवढी आणि तासाभरात वाळायची. रोज त्याच तीन आलटून पालटून. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक शाखेत मी नवीनच असायची. तुलाही कुणी ओळखणार नाही, तेव्हा ‘फोटोत रोज तोच कुर्ता’ ही काळजी सोड. पाळीचं तेवढं आधी ठरव. आम्हाला कापडं धुवून लपवून वाळवावी लागत, आणि तो दौऱ्यातला सगळ्यात वाईट भाग असे. तू कप वापरत असशील तर प्रश्नच मिटला. नसशील तर पहिल्या गावापुरते पॅड घे, बाकीचे वाटेत मिळतात. शाम्पू, साबण, क्रीम सगळं तसंच: छोट्या डब्यांत आठवड्यापुरतं. लेहला ऊन भाजून काढतं, म्हणून सनस्क्रीन मात्र भरपूर, आणि गॉगल.

सॅक पस्तीस-चाळीस लिटरची. चाकांची बॅग नको. रिकामीच अडीच-तीन किलोची असते आणि देशातल्या विमानांत केबिनमध्ये साधारण ७ किलोच चालतात. जवळजवळ अर्धं वजन चाकांना कशाला द्यायचं? सॅकला कमरेचा पट्टा हवा, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर येतो. जड वस्तू पाठीलगत आणि मधोमध भर. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि सगळं त्या पिशवीत, पावसाळी ट्रेकला नेतो तसं. वरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं. पॉवर बँक नेहमी जवळच्या बॅगेत, सामानात टाकायला परवानगी नाही. २०,००० एमएएचची चालते. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, रात्री तो पांघरुणात घेऊन झोप. आणि तुझं सिम प्रीपेड आहे ना? महाराष्ट्रातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. आधी पोस्टपेड करून घे, नाहीतर आई मला रात्री अकराला फोन करेल.

खाण्यावरून तुझं नि आईचं वाजणार. चिवडा, लाडू, लोणचं, गूळपोळ्या. मेतकुटाची पुडी आणि थोडा चिवडा घे, बाकीचं प्रेमाने परत कर. सुक्या खोबऱ्याची वाटी शकुनाची म्हणून तिने ठेवली तर काढून ठेव. त्यातल्या तेलामुळे ती पेट घेऊ शकते, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत.

सगळं भरून झालं की सॅकसह तलावपाळीला दोन फेऱ्या मार. मग तशीच सकाळी साडेआठच्या सुमारास स्टेशनवर जा आणि सॅक पुढे छातीवर घेऊन लेडीज डब्यात चढून दाखव. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर घरी येऊन फ्लोटर्सपासून सुरुवात कर, दोन वस्तू काढ.

पंचे माझ्याकडे दोन नवे आहेत, सोलापूरहून आणलेले. एक तुझ्यासाठी ठेवलाय, शनिवारी न्यायला ये. येताना सॅक भरूनच आण. माझा वजनकाटा जुना आहे पण खोटं बोलत नाही, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट सध्या बंद आहे.

तुझी,
मावशी