नायट्रॉक्ससाठी स्कूबा टाकी 'ऑक्सिजन क्लीन' करणं खरंच गरजेचं आहे का? घरी धुतली तर चालेल का?

एका परदेशी डायव्हरकडून तुम्ही ॲल्युमिनियमच्या दोन जुन्या टाक्या घेतल्या आहेत, नायट्रॉक्सचा, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा, कोर्स नुकताच झालाय, आणि फिलिंगवाला म्हणतो की आधी टाक्या ऑक्सिजनसाठी साफ करून आणा. तो उगाच खर्चात पाडतोय का, हा तुमचा प्रश्न. मी टाक्या आणि रेग्युलेटर यांच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून सांगतो: बहुतेक तो बरोबर आहे. पण तो नायट्रॉक्स बनवतो कसा, हे आधी विचारून घ्या.

काही ठिकाणी हवा आणि ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या आधीच मिसळतात किंवा मेम्ब्रेन, म्हणजे हवेतला नायट्रोजन कमी करणारी गाळणी, वापरतात. तिथे टाकीत जातं ते तयार मिश्रण. ४० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाला अमेरिकेत बरेच जण साध्या हवेसारखंच वागवतात. युरोपात नियम जास्त कडक आहेत. पण छोट्या सेंटरवर बऱ्याचदा रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वरून हवा भरतात. २०० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाबाची, ३६ टक्के ऑक्सिजनची टाकी हवी असेल तर सुरुवातीला सुमारे ३८ बार ऑक्सिजन जातो. म्हणजे शेवटी मिश्रण ३६ टक्क्यांचं असलं, तरी तेवढा वेळ तुमच्या व्हॉल्वमधून आणि टाकीत १०० टक्के ऑक्सिजन असतो. सफाई लागते ती त्यासाठी.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल, साधं ग्रीस, रबर, वेळ आली तर ॲल्युमिनियमसुद्धा पेटतं. ठिणगी येते कुठून? सायकलचा पंप मारताना तळाशी तो गरम होतो, तेच इथे फार मोठ्या प्रमाणात होतं. व्हॉल्व झटक्यात उघडला की वायू बंद टोकाला जाऊन आदळतो आणि दाबला जातो. १ बारवरून एकदम २०० बारवर गेला तर कागदावरच्या हिशेबाने तापमान १००० अंश सेल्सियसच्या वर जातं. प्रत्यक्षात बरीच उष्णता धातू शोषून घेतो, पण त्या टोकाला तेलाचा पातळ थर असेल तर पेटायला तेवढं पुरतं. म्हणूनच ऑक्सिजन हळू सोडतात, मिनिटाला साधारण ४-५ बार.

आता काम कसं होतं ते. आधी टाकीच्या खांद्यावरचे ठसे वाचतो. लक्सफर कंपनीची १९८८ पूर्वीची अमेरिकी टाकी असेल तर ती ६३५१ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची असू शकते. त्या धातूला मानेजवळ भेगा पडतात; अशी टाकी मी ऑक्सिजनसाठी घेत नाही. भारतात भरायची असेल तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेची, मान्यताही लागते. त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशी टाकीच्या बाबतीत हे सफाईच्या आधी बघा, नाहीतर पैसे वाया. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी) बाकी असेल तर तीही आधी उरका, कारण तिथल्या पाण्यातून पुन्हा घाण आत जाऊ शकते.

मग व्हॉल्व काढून आत दिवा सोडतो, आटे तपासतो, योग्य डिटर्जंट आणि गरम पाण्याने आतून धुतो आणि पुन्हापुन्हा विसळतो. स्वच्छ पत्र्यावर पाणी सलग पसरतं. जिथे तेल आहे तिथे ते फुटून थेंब होतात. विसळलेलं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवतो. फेस टिकला तर साबण अजून आत आहे. अतिनील दिव्याखालीही बघतो, पण सगळी तेलं त्याखाली चमकत नाहीत, त्यामुळे एकट्या दिव्यावर भरवसा नको. शेवटी तेलमुक्त हवेने लगेच कोरडी करतो.

माझा जास्त वेळ जातो व्हॉल्वमध्ये. बारीक छिद्रं, सीट, आटे, तिथेच जुनं ग्रीस दडलेलं असतं. एकेक भाग सुटा करून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये टाकतो, ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी चकत्या) बदलून व्हायटॉन या ऑक्सिजनला चालणाऱ्या रबराच्या घालतो आणि ख्रिस्टो-ल्यूब किंवा क्रायटॉक्ससारखं ऑक्सिजनसाठीचं खास ग्रीस अगदी नावापुरतं लावतो. सिलिकॉन ग्रीस इथे अजिबात नाही.

घरी कराल का? कृपया नको. भांड्यांचा साबण मागे थर ठेवतो, आणि पेट्रोल किंवा थिनर वापरलंत तर ज्याला काढायचं तेच तुम्ही आत ओतलंत. आटे कुठे गेलेत, भेग आहे का, हे ओळखायला प्रशिक्षण लागतं.

आणि ही सफाई एकदा केली की कायमची झाली, असं नाही. अमेरिकेच्या ग्रेड ई दर्जाच्या हवेत दर घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं. ऑक्सिजनशी मिसळायच्या हवेत मर्यादा ०.१ आहे, म्हणजे पन्नासपट कमी. साफ केलेली टाकी एकदा जरी कुठल्याशा बोटीवरच्या कॉम्प्रेसरवर भरून आणलीत, तरी तिच्यावरच्या 'ऑक्सिजन क्लीन' स्टिकरला अर्थ उरत नाही आणि ती पुन्हा साफ करावी लागते. फिलिंगवाल्याला हे न सांगता टाकी पुढे करणं म्हणजे त्याचे हात धोक्यात घालणं. तिथे उभा तो असतो, तुम्ही नाही.

म्हणून दोन्ही टाक्यांवर खर्च करू नका. फिलिंगवाला आधी ऑक्सिजन सोडणारा असेल तर एकच साफ करून घ्या आणि ती फक्त त्याच्याकडेच भरा. त्याच्या हवेचा तपासणी अहवाल मागायला संकोच करू नका. दुसरी साध्या हवेसाठी ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'हवा' लिहा.