हातापायांची वाढ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नातू साडेदहा महिन्यांचा आहे. छान बसतो, पण रांगत नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर पुढे सरकतो. सूनबाई वॉकर आणायचा म्हणते, मला आपला जुना पांगुळगाडा बरा वाटतो. काय करावं? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, वॉकर आणू नका. पांगुळगाडासुद्धा सध्या माळ्यावरच राहू द्या.

आधी रांगण्याचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ मध्ये वयाच्या मर्यादा दिल्या. त्यात दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. शंभरातली चारेक मुलं रांगलीच नाहीत. म्हणजे तुमचा नातू उशिरात मोडत नाही. ढुंगणावर सरकणारी मुलं चालतात मात्र जरा उशिरा, आणि पुष्कळदा आई किंवा वडील लहानपणी तसेच सरकलेले असतात. घरात विचारून पाहा.

वयापेक्षा तो सरकतो कसा, ते नीट बघा. दोन्ही पाय सारखे हलतात का? एकच हात पुढे येतो आणि दुसरा मुठीत राहतो का? काखेत धरून उभं केलं तर तळवे टेकवून पायांवर भार घेतो का? एक बाजू मागे पडत असेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल, किंवा येत असलेली गोष्ट करायची त्यानं सोडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. अठरा महिने पुरे होऊनही तो एकट्यानं चालला नाही, तरीही दाखवायचंच. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा.

वॉकरमध्ये बाळ झोळीत बसतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. कंबर आणि मांड्यांवर भार येत नाही, तोल सावरायची वेळ येत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत. शिवाय वेग इतका येतो की जिना, गॅसची शेगडी, गरम चहाचा कप यांच्यापर्यंत ते आपल्या आधी पोचतं. कॅनडानं २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती या अपघातांमुळे. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, म्हणून तो बरा. पण दिवाण धरून ते आपणहून उभं राहायला आणि कडेकडेनं चालायला लागल्यावरच तो द्यावा. हलका गाडा पुढे पळतो आणि मूल हनुवटीवर आपटतं; त्यावर किलो-दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. पाय अनवाणी ठेवा आणि उंबरठा नसलेली खोली निवडा.

तोवर जमिनीवर सतरंजी घाला. खेळणं अगदी समोर न ठेवता हातभर अंतरावर, जरा बाजूला ठेवा. ते घ्यायला वळताना कमरेला पीळ पडतो, एका हातावर भार येतो आणि तिथूनच रांगण्याची स्थिती सापडते. एक घट्ट उशी आडवी टाकून तीवरून पलीकडे जाऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं पुरे. रडायला लागला की थांबायचं.

प्रश्न : मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनियर केजीत आहे. पेन्सिल मुठीत धरतो, चार अक्षरं लिहिली की हात दुखतो म्हणतो. शाळेतून रोज दोन पानं लिहून आणायला सांगतात. पेन्सिलला रबरी ग्रिप लावू का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ग्रिपनं बोटांची जागा ठरते, हातात जोर येत नाही. आणि बोटांचा दोष वाटतो तो बऱ्याचदा खांदा, पाठ आणि मनगटाचा असतो. धड स्थिर नसेल तर मूल बोटं मोकळी ठेवूच शकत नाही. मग ते पेन्सिल आवळून धरतं आणि हात दुखतो.

घरी एक तपासणी करा. भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागद चिकटवा आणि उभ्यानं चित्र काढू द्या. तिथे पकड सुधारली तर अडचण बसण्यात किंवा मनगटात आहे. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट मोकळं होतं. म्हणून घरात पाटी मांडीवर न देता फळा भिंतीवर लावा. खडू मोडून दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. लांब पेन्सिलीपेक्षा हा खडूचा तुकडा कितीतरी चांगला शिक्षक आहे.

बसून लिहिताना पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीला, फार तर बोटभर वर असावं.

बाकी जोर स्वयंपाकघरात मिळतो. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, वाती वळणं, दोरीवर कपड्यांना चिमटे लावणं, चिमटीनं रांगोळी सोडणं. वाती वळताना दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, तेच पुढे एका हातानं वही धरून दुसऱ्यानं लिहिताना लागतं. रोज पंधरा मिनिटं, महिना-दीड महिना करून मग फरक बघा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मटार-चणे त्याच्या हाती लागू देऊ नका. ते घशात अडकतात.

आता त्या दोन पानांविषयी. मुलं साधारण दुसऱ्या वर्षी उभी रेघ, तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याला अधिकचं चिन्ह बघून काढतात. चौकोन साडेचार-पाचच्या आसपास येतो, तिरकी फुली आणि त्रिकोण त्यानंतर. ‘र’चा तिरका पाय किंवा ‘ख’, ‘क्ष’ यांची वळणं त्याच्या हाताला आज जड जाणारच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा वर्षं धरलं आहे आणि त्याआधीच्या वर्षांत भर खेळातून शिकण्यावर आहे. बाईंना भेटून दोन पानांऐवजी दोन ओळी मागा, हे मागणं अजिबात गैर नाही.

सहाव्या वर्षापर्यंत मूठ सुटली नाही तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. चार बोटांची पकड असली आणि अक्षर वाचता येत असलं, हात दुखत नसला, तर ती बदलायला जाऊ नका.

प्रश्न : लेक तीन वर्षांची, दोन्ही हात वापरते. डावखुरी होईल म्हणून सासूबाई चमचा उजव्या हातात देतात. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हात पक्का ठरतो चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. वस्तू मधोमध ठेवा, तिला निवडू द्या. बदलायला लावू नका. काळजी उलट परिस्थितीत करायची : वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, वाचनात हुशार. पण लंगडी येत नाही, चेंडू झेलता येत नाही, बुटांची नाडी बांधता येत नाही. वर्गात ‘वेंधळी’ म्हणतात. (एक वडील, पुणे)

उत्तर : साधारणपणे चार वर्षांचं मूल एका पायावर दोन-चार उड्या मारतं. आठव्या वर्षी हे तिन्ही येत नसेल तर आळस म्हणून सोडून देऊ नका. शाळकरी मुलांत पाच-सहा टक्क्यांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असते, बुद्धी चांगली असूनही. आधी डोळे तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञ. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) विचारा.

झेल शिकवताना सुरुवात फुग्यापासून करा, कारण तो सावकाश येतो. मग फूटबॉलएवढा मऊ चेंडू दीड मीटरवरून एक टप्पा देऊन, मग टप्प्याशिवाय, शेवटी टेनिसचा. दहापैकी आठ जमले की पुढची पायरी. लंगडी आधी टेबल धरून, एका जागी. मग एक बोट धरून. पुढे जाणं सगळ्यात शेवटी. नाडी उलट क्रमानं शिकवा : सगळं तुम्ही बांधा, फक्त शेवटचा ओढा तिला घेऊ द्या, मग शेवटचे दोन टप्पे. प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद तिच्या वाट्याला येतो. आणि ‘वेंधळी’ हा शब्द वर्गात थांबवणं हे शिक्षकांचं काम आहे, ते त्यांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, वर्षात खूप उंच झाला. खो-खोत पूर्वीची चपळाई राहिली नाही, गुडघ्याखाली दुखतं. (एक आई, सांगली)

उत्तर : मुलग्यांची उंची सर्वांत वेगानं वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमाराला, वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत, मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. हाडं लांबतात, स्नायू मागून येतात, आणि मेंदूला नव्या लांबीचे पाय चालवायचा सराव नसतो. काही महिने तो अडखळेल. संघातून काढू नका. सूर मारणं आणि खांबावरचं वळण कमी वेगानं पुन्हा घोटवून घ्या.

गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल तर मांडीचा स्नायू तिथल्या वाढत्या हाडाला ओढतो आहे. उड्या आणि उकिडवं बसणं काही आठवडे कमी करा, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, मांडीच्या पुढचे-मागचे स्नायू रोज अर्धा-अर्धा मिनिट ताणा. पूर्ण विश्रांतीची सहसा गरज पडत नाही.

मात्र रात्री झोपमोड होईल असं दुखणं, सूज, ताप यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. लंगडत असेल किंवा पाऊल बाहेर वळवून चालत असेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि खुब्याचा एक्स-रे काढायचा का, हे विचारा. या वयात खुब्याचं हाड घसरलं तरी मुलं ‘गुडघा दुखतो’ असंच सांगतात.